मुलांची खेळण्याची जागा आणि कुत्र्या-मांजरांचे जंत

गावातील प्राथमिक शाळेचे पटांगण रोज सकाळी झाडले जाते. पालापाचोळा, कागदाचे कपटे, फळांच्या साली एका कोपऱ्यात जातात आणि पटांगण स्वच्छ झाले असे सर्वजण समजतात. झाडताना कुत्र्याची विष्ठा आढळलीच, तर तिच्यावर मूठभर माती टाकून किंवा ती कुंपणाकडे सारून काम पुरे केले जाते. ही रीत दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु आरोग्याच्या दृष्टीने तिच्याइतकी घातक रीत क्वचितच असेल. कारण कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणारा एक प्रमुख जंत असा आहे, की त्याची अंडी पहिल्या दिवशी कोणासही अपाय करीत नाहीत. ती अपायकारक होतात दोन ते चार आठवड्यांनी. आणि तोपर्यंत विष्ठा मातीत मिसळून दिसेनाशी झालेली असते.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न ग्रामसभेत निघाला की चर्चा चावण्याची व रेबीजची होते. ते योग्यच आहे. रेबीज हा जीवघेणा रोग होय. परंतु न चावणारे, शाळेच्या ओट्यावर गुपचूप पडून राहणारे, मुलांच्या अंगाखांद्यावर खेळणारे कुत्रेही मातीत काही ठेवून जाते, याची चर्चा होत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री मोजण्यात आली. त्यांपैकी बारा लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती. पाळीव कुत्री व घरोघर वावरणारी मांजरे यांची संख्या यात धरलेली नाही.

पिल्लांपासून आरंभ

कुत्र्याच्या लहान आतड्यात राहणाऱ्या गोलकृमीस शास्त्रीय भाषेत टॉक्सोकारा कॅनिस असे नाव आहे. मांजरात त्याचाच भाऊबंद, टॉक्सोकारा कॅटाय, आढळतो. कुत्र्यातील पूर्ण वाढलेला जंत पांढुरका, शेवयांसारखा, १० ते १८ सेंटिमीटर लांबीचा असतो. एक मादी दिवसाकाठी दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते. एकेका कुत्र्यात असे अनेक जंत असू शकतात, हे ध्यानात घेतले म्हणजे एका विष्ठेतून किती अंडी जमिनीवर येत असतील याची कल्पना यावी.

सर्वांत अधिक अंडी टाकतात ती मोठी कुत्री नव्हेत, तर लहान पिल्ले, ही गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. मोठ्या कुत्र्याच्या पोटात गेलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या बहुधा आतड्यात वाढत नाहीत. त्या स्नायूंत व इतर अवयवांत जाऊन सुप्त अवस्थेत पडून राहतात. कुत्री गाभण राहिली, की गर्भावस्थेच्या अखेरच्या काळात या अळ्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भातील पिल्लांच्या शरीरात शिरतात. काही अळ्या पुढे दुधावाटेही जातात. म्हणजे पिल्लू जन्मते तेच जंतांचे बीज घेऊन. पिल्लू तीन आठवड्यांचे झाले न झाले, तोच त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. मांजरीच्या पिल्लांना ही लागण मुख्यतः आईच्या दुधातून होते.

आता शाळेच्या ओट्याखाली, अंगणवाडीच्या मागील आडोशाला किंवा समाजमंदिराच्या जिन्याखाली व्यालेली कुत्री डोळ्यांपुढे आणावी. पिल्ले पाहण्यास मुलांची झुंबड उडते. कोणी डब्यातील पोळीचा तुकडा घालते, कोणी पोत्याचे अंथरूण करते. मुलांचे हे प्रेम मोडून काढण्याचे कारण नाही. परंतु नेमक्या याच वयाची पिल्ले नेमक्या याच जागेत अंडी टाकीत असतात आणि त्यांच्याकडे जंताच्या औषधाच्या दृष्टीने कोणीच पाहत नाही.

नुकत्याच पडलेल्या अंड्यात अळी तयार झालेली नसते. ओलावा, सावली व माफक उष्णता मिळाली, की दोन ते चार आठवड्यांत ती तयार होते. महाराष्ट्रातील पावसाळ्याचे दिवस यास अगदी अनुकूल होत. अंड्याचे कवच जाड व चिवट असते, त्यामुळे अळीसह ते मातीत महिनोन्महिने, परिस्थिती अनुकूल असल्यास काही वर्षेही, टिकून राहते. अंडे डोळ्यांना दिसत नाही. त्याला वास नाही. ते हातांना, नखांना, खेळण्यांना आणि गोट्यांना चिकटते.

मुलांचे खेळ पाहावेत म्हणजे पुढचा प्रवास कसा होतो हे वेगळे सांगावे लागत नाही. गोट्यांसाठी बोटांनी गल कोरली जाते. भातुकलीत मातीचा भात होतो. दिवाळीच्या सुट्टीत किल्ले बांधताना तर कोपरापर्यंत हात चिखलात असतात. पावसाळ्यानंतरची तीच ओली, सावलीतली माती मुले हौसेने गोळा करून आणतात. दोन-तीन वर्षांचे मूल माती थेट तोंडात घालते. काही मुलांना माती खाण्याची सवयच असते.

डोळ्यातील अळी

माणसाच्या पोटात गेलेले हे अंडे फुटते, परंतु आतून निघालेल्या अळीस माणूस हा परका यजमान असतो. तिची वाढ होऊन जंत बनत नाही. ती आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते व यकृत, फुप्फुसे, क्वचित मेंदू किंवा डोळा येथे भटकत राहते. या भटकंतीमुळे त्या त्या भागात सूज येते. अनेक मुलांना काहीच जाणवत नाही. काहींना बारीक ताप, खोकला, दम्यासारखी धाप, पोटदुखी होते आणि यकृत वाढते. सर्दी-पडसे म्हणून अशा तक्रारींकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे.

डोळ्याची गोष्ट निराळी. तेथे एकच अळी पुरेशी असते. ती दृष्टिपटलापाशी पोहोचली तर त्या डोळ्याची दृष्टी अंशतः किंवा कायमची जाऊ शकते. बहुधा एकाच डोळ्यास हा विकार होतो.

हा विकार ओळखला जाण्याचा इतिहास फारसा जुना नाही, पण तो अस्वस्थ करणारा आहे. १९५० साली अमेरिकेतील विकृतिशास्त्र-संशोधक हेलेनॉर कॅम्बेल वाइल्डर यांनी शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या ४६ डोळ्यांचे सूक्ष्म काप तपासले. यांतील बहुसंख्य डोळे दृष्टिपटलाचा कर्करोग असल्याच्या शंकेने काढलेले होते. ४६ पैकी २४ डोळ्यांत कर्करोग नव्हे, तर कृमीची अळी किंवा तिचे अवशेष आढळले. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, पॉल बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील इओसिनोफिल पेशी दीर्घकाळ वाढलेल्या लहान मुलांच्या यकृतात टॉक्सोकाराच्या अळ्या दाखवून दिल्या आणि या विकाराचे स्वरूप स्पष्ट केले. वाइल्डर यांच्या कापांतील काही अळ्याही टॉक्सोकाराच्याच होत्या, हे १९५६ साली सिद्ध झाले. आज डॉक्टरांस हा फरक करण्याची साधने उपलब्ध आहेत. परंतु त्यासाठी आधी या विकाराची शंका मनात यावी लागते.

शंका न येण्याचे एक कारण असे, की नेहमीची शौच-तपासणी येथे निरुपयोगी ठरते. अळीचा जंतच होत नसल्याने मुलाच्या शौचात अंडी सापडत नाहीत, आणि तपासणीचा कागद ‘जंत नाहीत’ असे सांगतो. निदान रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीने, आणि डोळ्याच्या बाबतीत नेत्रतज्ज्ञाच्या पाहणीने करावे लागते.

दुसरा गैरसमज जंतनाशक दिनासंबंधी आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ही मोहीम अत्यंत मोलाची आहे. पण तिचा रोख माणसाच्या आतड्यात वाढणाऱ्या जंतांवर आहे. शरीरात भटकणाऱ्या टॉक्सोकाराच्या अळ्यांसाठी उपचार अनेक दिवसांचा असतो, तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो. आणि डोळ्यात एकदा झालेली हानी औषधाने बहुधा भरून येत नाही. वर्गातील प्रत्येक मुलाने गोळी घेतली म्हणून पटांगणातील माती निर्धोक झाली, असे मानता येणार नाही.

एक दिलासाही येथे नोंदवावा. हा विकार एका मुलाकडून दुसऱ्यास होत नाही. लागण झालेल्या मुलास शाळेपासून दूर ठेवण्याचे काहीही कारण नसते.

वाळूचा ढीग

शाळेची नवी खोली, ग्रामपंचायतीचे सभागृह, एखादे घरकुल, असे काही ना काही बांधकाम गावात चालू असते आणि त्याच्या वाळूचा ढीग महिनोन्महिने उघडा पडून असतो. मुलांना त्याहून अधिक आवडती जागा दुसरी नाही. मांजरांचेही मत तेच आहे. मांजर विष्ठा उकरून पुरते, त्यामुळे वाळू वरून स्वच्छच दिसते. जपानमधील सार्वजनिक बागांत मुलांसाठी केलेल्या वाळूच्या खड्ड्यांवर १९९० च्या दशकात कॅमेरे लावून पाळत ठेवण्यात आली, तेव्हा तेथे घाण करणाऱ्या प्राण्यांत मांजरांचा वाटा फार मोठा असून हा प्रकार मुख्यतः रात्री घडतो असे दिसून आले. दिवसा राखण करून उपयोग नाही. रात्री वाळू झाकली पाहिजे, असा त्याचा अर्थ.

वाळूत आणखी एका जंताची भर पडते. कुत्र्या-मांजरांतील अंकुशकृमीची अंडी ओलसर, सावलीतील वाळूत एक-दोन दिवसांत फुटतात आणि पाच ते दहा दिवसांत अळी लागण करण्यास समर्थ होते. ही अळी तोंडावाटे जाण्याची वाट पाहत नाही. अनवाणी पायाच्या किंवा वाळूत बसलेल्या मुलाच्या कातडीतून ती आत शिरते आणि कातडीखाली नागमोडी वाट काढीत दिवसाला काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकते. कातडीवर लाल, फुगीर, वेडीवाकडी रेघ उमटते व तिला असह्य खाज सुटते. माणसाच्या शरीरात ही अळी फार काळ तग धरीत नाही, काही आठवड्यांत मरते. तथापि खाजवून झालेल्या जखमा चिघळतात. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यांवरील उष्ण, ओलसर वाळू या अळीस मानवणारी आहे. किनाऱ्यावरील गावांच्या ग्रामपंचायतींनी पर्यटकांइतकेच आपल्या मुलांच्या उघड्या पायांकडेही पाहावयास हवे.

मांजराच्या संबंधात टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीचाही उल्लेख आवश्यक आहे. मांजराच्या विष्ठेतून त्याचा प्रसार कसा होतो हे १९७० च्या सुमारास स्पष्ट झाले. त्या कामात मूळचे भारतीय असलेले पशुवैद्यक-संशोधक जितेंदर प्रकाश दुबे यांचा महत्त्वाचा वाटा होता. प्रथमच लागण झालेले मांजर एक ते तीन आठवडे हे परजीवी विष्ठेतून टाकते. बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत ते लागण करण्याजोगे होतात आणि ओल्या मातीत वर्षाहून अधिक काळ टिकू शकतात. गरोदरपणी स्त्रीस प्रथमच ही लागण झाली तर गर्भास धोका संभवतो. म्हणून अंगणवाडीच्या आवारातील मांजराची घाण काढण्याचे काम गरोदर सेविकेकडे किंवा मदतनिसाकडे देऊ नये.

ब्लीचिंग पावडरच्या रेघा

वरिष्ठांची भेट ठरली की आवारात ब्लीचिंग पावडरच्या पांढऱ्या रेघा ओढल्या जातात. दिसावयास त्या शोभिवंत असतात. पण टॉक्सोकाराच्या अंड्यांचे कवच नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. ब्लीचिंग पावडर, फिनेल यांनी ती अंडी मरतात असे समजून केलेला खर्च वाया जातो. अंड्यांचे खरे शत्रू म्हणजे कडक ऊन, कोरडेपणा आणि उकळते पाणी. पैकी ऊन व कोरडेपणा महाराष्ट्रात उन्हाळ्यात फुकट मिळतो. मात्र तो उघड्या मैदानात. हातपंपाभोवतीची ओल, झाडाखालची सावली आणि भिंतीलगतचा आडोसा या जागा मे महिन्यातही अंड्यांना आश्रय देतात. मुलेही दुपारी तेथेच खेळतात.

एकदा माती दूषित झाली की ती धुऊन निघत नाही. अतिशय घाण झालेल्या लहानशा जागेचा वरचा थर खरवडून काढावा आणि त्यावर मुरूम किंवा फरशी घालावी, एवढाच उपाय उरतो. संपूर्ण मैदानाच्या बाबतीत तेही शक्य नसते. त्यामुळे सारा भर अंड्यात अळी तयार होण्यापूर्वीच्या त्या पहिल्या दोन आठवड्यांवर द्यावा लागतो. विष्ठा रोज किंवा निदान एक दिवसाआड उचलली गेली, तर टॉक्सोकारास संधीच मिळत नाही. यासाठी अनुदान लागत नाही, निविदा लागत नाही. एक फावडे, एक घमेले आणि ठरलेला माणूस लागतो. हे काम मुलांकडून करवून घेऊ नये. उचललेली विष्ठा गावाच्या खतखड्ड्यात टाकू नये, कारण तेच खत पुढे भाजीच्या वाफ्यात जाते. मुलांच्या वावरापासून व विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात ती पुरावी.

ग्रामपंचायतीच्या हाती असलेल्या गोष्टी

कुत्री शाळेकडे का येतात, याचे उत्तर बहुधा शाळेच्या स्वयंपाकखोलीमागे सापडते. शालेय पोषण आहाराचे खरकटे तेथे उघड्यावर टाकले जाते. खरकट्यासाठी झाकणाचे पिंप ठेवले आणि ताटे धुण्याची जागा बंदिस्त केली, तर कुत्र्यांचा राबता आपोआप घटतो. कुंपणाच्या भोकांपेक्षा हे भोक आधी बुजवावे. कुंपण असल्यास रात्री फाटक लावले जाते की नाही, हेही पाहणे आले. बांधकामाची वाळू ताडपत्रीने झाकण्याची अट ठेकेदारास कामाच्या आदेशातच घालता येते.

पाळीव कुत्र्यांच्या बाबतीत मालकाचे कर्तव्य सोपे आहे. पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून, सुरुवातीस दर पंधरवड्याने, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे आणि त्याच वेळी दूध पाजणाऱ्या आईलाही द्यावे. पिल्लू ‘अजून फार लहान आहे’ म्हणून थांबणे चुकीचे होय. ते लहान आहे म्हणूनच औषध हवे. मेंढपाळ व शेतकरी यांच्याकडील राखणीच्या कुत्र्यांनाही हे लागू आहे. रेबीज लसीकरणाचे शिबिर गावात भरते, त्याच दिवशी जंताचे औषध देण्याची सांगड पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून घालता येईल.

मोकाट कुत्री मारून टाकावीत, असा सूर ग्रामसभेत अधूनमधून निघतो. ते कायद्यास धरून नाही, आणि जंतांच्या दृष्टीने त्याचा उपयोगही तात्पुरता असतो. रिकाम्या झालेल्या जागी दुसरी कुत्री येतात व वितात. केंद्र शासनाच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. या नियमांकडे केवळ संख्येचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. पण जंतांची अंडी मुख्यतः पिल्लांपासून येतात हे लक्षात घेता, निर्बीजीकरण झालेली प्रत्येक कुत्री म्हणजे अंड्यांचा एक मोठा उगम बंद झाला असा हिशेब आहे.

एका बाबतीत मात्र दोन आठवड्यांची सवलतही मिळत नाही. हायडॅटिड या रोगास कारण होणारा, काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात असतो आणि त्याची अंडी विष्ठेतून पडताक्षणीच लागण करण्याजोगी असतात. ती पोटात गेल्यास माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. त्या वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. कुत्र्यास ही लागण होते ती कापलेल्या शेळ्यामेंढ्यांच्या गाठी असलेल्या अवयवांतून. यात्रेतील कंदुरीनंतर किंवा आठवडा बाजाराच्या दिवशी टाकाऊ काळीज, फोपसे कुत्र्यांपुढे फेकण्याची पद्धत ग्रामपंचायतीने बंद केली पाहिजे. हे अवयव खोल पुरावेत किंवा जाळावेत.

वर्गातील तपासणी

घरी व शाळेत हात धुण्याचे महत्त्व पुष्कळ वेळा सांगितले गेले आहे. भर घालावयाची ती एवढीच, की या अंड्यांच्या बाबतीत पाण्याने हात ओले करणे पुरत नाही. साबण लावून, नखांच्या खालची माती चोळून काढावी लागते, आणि नखे कापलेली असावी लागतात. खेळाच्या सुट्टीनंतर लगेच जेवणाची पंगत बसत असेल, तर मध्ये पाच मिनिटे हात धुण्यासाठी वेळापत्रकातच राखून ठेवणे इष्ट. वाफ्यातील पालेभाजी, कोथिंबीर, मुळा या वस्तू वाहत्या पाण्यात नीट धुऊन घ्याव्यात, हे स्वयंपाकी मदतनिसांस सांगितले पाहिजे.

शिक्षकांस आणखी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. एका डोळ्याने दिसेनासे झालेले मूल तक्रार करीत नाही. दुसऱ्या डोळ्यावर त्याचे सारे व्यवहार चालतात आणि आपल्याला कमी दिसते हे त्याला स्वतःलाही उमगत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून फळ्यावरील अक्षरे वाचून घेतल्यास हा दोष सापडणार नाही. मुलास ठरावीक अंतरावर उभे करून आधी उजवा आणि मग डावा डोळा तळहाताने झाकावयास लावावा, बोटांच्या फटीतून ते पाहत नाही याची खात्री करावी, आणि फळ्यावरील तीच अक्षरे वाचून घ्यावीत. एका डोळ्याने अडखळणारे, नव्याने तिरळे पाहू लागलेले किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसणारे मूल आढळल्यास पुढील आरोग्य तपासणीच्या फेरीची वाट न पाहता त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे, आणि मूल माती खाते काय, घरी किंवा शाळेजवळ कुत्र्या-मांजराची पिल्ले आहेत काय, हे सोबतच्या चिठ्ठीत लिहावे.